सुट्टी कुणाच्या मालकीची? बीडच्या फडातून जपानच्या बर्फाकडे बघताना

गेल्या महिन्यात अभ्यासवर्ग संपल्यावर चहा घेताना आम्ही सहज बोलून गेलो की येत्या फेब्रुवारीत आमचे सगळे घर जपानला जाणार आहे, बर्फ बघायला. धाकटा भाऊ तिकडे नोकरीला आहे. "दादा, आईला आणि पोरीला एकदा बर्फ दाखवू," असे तो तीन वर्षांपासून म्हणतो आहे. आमचे वाक्य संपायच्या आत एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "समाज तिकडे ऊस तोडतोय आणि तुम्ही बर्फात घसरगुंडी खेळायला निघालात? बाबासाहेब आग्र्यात रडले होते ते तुमच्यासारख्या शिकलेल्यांमुळेच."

चहा गार झाला. त्यांचा राग खोटा नव्हता. ते आयुष्यभर चळवळीत चपला झिजवलेले आहेत, आणि 18 मार्च 1956 च्या आग्र्याच्या भाषणाचा दाखला दिला की आपल्यापैकी कुणालाही मान खाली घालावी लागते. आम्हीही घातली. पण घरी आल्यावर प्रश्न पडला की आम्ही मान नेमकी कशासाठी खाली घातली? कर्ज काढून हुंडा दिला नाही, सत्यनारायण घातला नाही, दारू-मटक्यात पैसा उडवला नाही. घरातली माणसे आठ दिवस एकत्र विश्रांती घेणार एवढेच. त्याची आम्हाला लाज का वाटली? ही लाज आमची आहे की कुणी तरी आमच्यात पेरलेली आहे? हा प्रश्न एका घराच्या सहलीचा नाही, म्हणून हा लेख.

दोन हिवाळे

जपानच्या नागानो, निगाता, होक्काइदो या भागांत स्कीचा हंगाम साधारण डिसेंबरात सुरू होतो आणि मार्चअखेरपर्यंत चालतो. सैबेरियाकडून येणारे गार वारे समुद्रावरून येताना बाष्प उचलतात, डोंगराला थडकतात आणि सगळे बर्फ एका अंगाला टाकून मोकळे होतात. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, टोकियोकडे, त्या दिवसांत कोरडे ऊन असते. पर्जन्यछायेतल्या बीडकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. सह्याद्रीने पाऊस अडवला की आपल्या वाट्याला काय उरते ते आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतो आहोत.

नेमके हेच महिने आपल्याकडे गळीत हंगामाचे. दिवाळी झाली की वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर, आष्टीतली गावे रिकामी होतात. ट्रॅक्टर भरभरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे म्हातारी माणसे, कुलुपे आणि आजीच्या पदराला धरलेली लेकरे राहतात. या प्रवासाला कुणी सहल म्हणत नाही, पण प्रवास तर तोही आहे. त्यातही कुटुंब एकत्र असते. त्याचेही नियोजन महिनोन्‌महिने आधी होते. फक्त ते नियोजन मुकादम करतो, आणि तिकिटाच्या जागी उचल असते.

आमच्या आईने असे बावीस हंगाम काढले. जपानचे पहिल्यांदा सांगितले तेव्हा ती म्हणाली, "कामून रे, थंडीत कुठं हिंडाया जातेत का? थंडीत तर फडात जातेत." आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले, वर्ग आणि श्रमावरची पुस्तके वाचली, पण हिवाळ्याची जातवार व्याख्या आईच्या एका वाक्यात जेवढी कळली तेवढी कुठे कळली नाही. एका माणसाचा हिवाळा म्हणजे सुट्टी, दुसऱ्याचा म्हणजे कोयता.

कोयता म्हणजे आपल्याकडे नुसते हत्यार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसांची मोजणी हत्याराने होते, तिथे सुट्टीची मोजणी कशाने होणार? एक दिवस काम बुडाले की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. आजारपणाचा खाडा, बाळंतपणाचा खाडा, पाळीचा खाडा. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. त्यामागच्या कारणांत हा खाड्याचा धाकही होता. एका दिवसाची विश्रांती परवडत नाही म्हणून बाई शरीराचा अवयव काढून टाकायला तयार होते, तेव्हा सुट्टी हा चैनीचा विषय राहत नाही. तो माणूसपणाचा विषय होतो.

बाबासाहेबांच्या दोन सहली

आता ज्यांच्या नावाने आम्हाला गप्प करण्यात आले त्या बाबासाहेबांकडेच जाऊ. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटे आत्मकथन अनेकांनी वाचले असेल. ते सुरू कशाने होते, हे मात्र आपण सहज विसरतो. ते सुरू होते एका कौटुंबिक सुट्टीने.

साल 1901. वडील खटाव तालुक्यात नोकरीला, मुले साताऱ्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी मुलांना बोलावून घेतले. बाल भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची दोन मुले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे, आयुष्यातला आगगाडीचा पहिला प्रवास. कुठल्याही घरातली मुले सुट्टीला निघताना हरखतात तशीच ही चार मुले हरखलेली. मसूर स्टेशनावर उतरल्यावर स्टेशनमास्तरने विचारपूस केली, जात कळली, आणि त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे द्यायला तयार असूनही गाडीत बसायला तयार होईनात. शेवटी मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे असे ठरले. जवळ खायला भरपूर होते, पण प्यायला पाणी कुणी देईना, म्हणून ती मुले उपाशी झोपली. ज्या सुट्टीत बर्फाचा गोळा खायचा, त्या सुट्टीत त्या मुलाला जात म्हणजे काय ते कळले.

दुसरी सहल 1934 ची, आपल्या मराठवाड्यातली. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे इच्छा व्यक्त केली की आपण सगळे मिळून कुठे तरी प्रेक्षणीय स्थळे बघायला जाऊ, तुम्हीही चला. बाबासाहेब 'समाज उपाशी आहे आणि तुम्हाला सहल सुचते' असे म्हणाले नाहीत. ते हो म्हणाले. वेरूळची बौद्ध लेणी काहीही झाले तरी बघायचीच, असा बेत ठरला. नाशिकहून तीसेक जण गाड्यांनी निघाले. वाटेत त्रास नको म्हणून सामान्य प्रवाशांसारखे, ओळख न देता जायचे, फक्त मुक्कामाच्या गावी आपल्या माणसांना कळवायचे, असे त्यांनी आधीच ठरवले होते. सहलीला निघताना आपण कोण आहोत हे लपवायचे की नाही, याचेही नियोजन करावे लागत होते.

दौलताबादला आपली माणसे चहा घेऊन वाट बघत उभी होती. चहाची तलफ होती, पण अंधार पडायच्या आत किल्ला बघायचा म्हणून सगळे आधी किल्ल्याकडे गेले. अंगावर धूळ, दाराशी भरलेला हौद. काहींनी हात-पाय-तोंड धुतले. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला की यांनी पाणी बाटवले. जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला बघायची परवानगी मिळाली ती या अटीवर की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, आणि त्यावर नजर ठेवायला सोबत एक हत्यारी शिपाई. ओरडणारे मुसलमान होते. म्हणूनच बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला. हिंदू धर्मात जन्मलेली अस्पृश्यता इतर धर्मीयांच्या डोक्यातही कशी शिरली, हे त्यांना दाखवायचे होते. मुसलमान द्वेषासाठी हा प्रसंग वापरणाऱ्यांनी त्याच पुस्तकातली मसूरची रात्र आधी वाचावी.

आम्हाला यात दिसते ते एवढेच: बाबासाहेबांनी आपल्या अपमानाची नोंद करताना सहलीचे प्रसंग निवडले. कारण घरापासून लांब, मोकळेपणाने हिंडताना माणूस किती नागरिक आहे याची खरी परीक्षा होते. व्हिसा म्हणजे दुसऱ्याच्या दारात मागितलेली परवानगी. आपल्या माणसांना ती आपल्याच देशात मागावी लागत होती, म्हणून पुस्तकाचे नाव तसे. आज आमच्यासमोर जपानच्या व्हिसाचे कागद पडले आहेत. उत्पन्नाचा पुरावा, बँकेचे विवरण, कुठल्या दिवशी कुठे राहणार याचा दिवसवार तक्ता. जातीचा रकाना त्यात नाही. तो अर्ज भरताना आईचे नाव लिहिले आणि थोडा वेळ पेन पुढे चालला नाही.

फुरसत ही संस्कृतीची अट

'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या 1945 च्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाची चिरफाड केली आहे. यंत्रांना नावे ठेवणाऱ्यांना त्यांनी दिलेले उत्तर प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. पोटासाठी दिवसभर राबणे हे पशूही करतो. माणूस वेगळा ठरतो तो संस्कृतीमुळे, आणि फुरसतीशिवाय संस्कृती शक्य नाही. यंत्र आणि आधुनिक सभ्यता हवी ती माणसाचे कष्ट कमी होऊन त्याला फुरसत मिळावी म्हणून. मूठभरांच्या फुरसतीवर समाधान मानणारा समाज लोकशाही म्हणवू शकत नाही. लोकशाहीत ती प्रत्येकाला मिळाली पाहिजे. साधे राहा, कष्टात सुख माना, हा उपदेश ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना करणे म्हणजे त्यांना जनावराच्या पायरीवर ठेवणे होय, असा त्या मांडणीचा रोख आहे.

आणि ते नुसते लिहून थांबले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना 1945 च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामगारांच्या पगारी रजेची तरतूद कायद्यात आली, आणि 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत कामाचा आठवडा 48 तासांवर आला. त्याआधी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. म्हणजे या देशात सुट्टी ही वरच्या जातींनी दिलेली भेट नाही. ती फुले-आंबेडकरी परंपरेने भांडून आणलेली आहे. जी परंपरा सुट्टीसाठी लढली, तिच्याच वारसांनी सुट्टी घेताना चोरासारखे वागावे?

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही बघा. साखर कारखान्याच्या दाराच्या आत काम करणाऱ्याला रजा आहे. दाराबाहेर, त्याच कारखान्यासाठी ऊस तोडणाऱ्याला ती नाही, कारण तो कारखान्याचा कामगारच मानला जात नाही. तो मुकादमाचा कोयता असतो. बाबासाहेबांनी आणलेली सुट्टी कारखान्याच्या दारात येऊन थांबली आहे. ती फडापर्यंत नेणे हे आपले काम होते. ते आपण केले नाही, आणि राग मात्र जपानच्या तिकिटावर काढतो आहोत.

आपण प्रवास करत नाही असे नाही. 6 डिसेंबरला दादर, 1 जानेवारीला भीमा कोरेगाव, अशोक विजयादशमीला नागपूर, 20 मार्चला महाड. उभ्याने, जनरल डब्यात, भाकरी बांधून आपण जातो आणि अभिमानाने जातो. पण तो प्रवास कर्तव्याचा आहे. नुसते मोकळे व्हायला, काही न करायला, लेकरांशी खेळायला जाणे आपल्या घरांत कधी शिकवलेच गेले नाही. शाळेत असताना सहलीची वर्गणी भरता न आल्याने आम्ही दोन वर्षे सहलीच्या दिवशी वसतिगृहात बसून होतो. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी 'माझी सहल' हा निबंध सगळ्यांना लिहायला लावला. आम्ही शेजारच्या मुलाला विचारून वेरूळचे वर्णन लिहिले आणि दहापैकी आठ गुण मिळवले. न बघितलेल्या लेण्यांचे वर्णन लिहिणे हे आमचे पहिले लेखन. सांस्कृतिक भांडवल म्हणजे काय, हे आम्हाला पुढे विद्यापीठात वेगळे शिकावे लागले नाही.

जपान म्हणजे बुद्धभूमी, पण डोळे उघडे ठेवून

बेत असा आहे. टोकियोहून नागानोला बुलेट ट्रेनने पावणेदोन तासांच्या आत पोहोचता येते. जपानमध्ये ती 1964 साली सुरू झाली. बीड शहरात साधी आगगाडी यायला 2025 चा सप्टेंबर उजाडला. 1998 चे हिवाळी ऑलिम्पिक याच नागानोत झाले होते. तिथून हाकुबाच्या उतारांकडे बस जाते. स्की, बूट, गरम कपडे सगळे भाड्याने मिळते. पोरगी नऊ वर्षांची आहे. तिच्यासाठी नवशिक्यांचा उतार आणि ढकलगाडी. आई काठावर बसून बघणार. नागानोत झेन्कोजी हे प्राचीन बौद्ध मंदिर आहे, कुठल्याही एका पंथाचे नसलेले. तिथे एक सकाळ. खर्च चार लाखांच्या पुढे जातो. निम्मा भाऊ देतो, निम्मा आम्ही दोघांनी तीन वर्षे साठवला.

एक अडचण मात्र आम्हाला आधी सुचलीच नव्हती. स्कीच्या गावांत ओन्सेन असतात, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची सामुदायिक स्नानगृहे. आधी बाहेर अंग स्वच्छ धुवायचे, मग सगळ्यांनी एकाच पाण्यात उतरायचे. दौलताबादच्या हौदानंतर एकाच पाण्यात सगळे ही कल्पनाच आम्हाला भारी वाटली. पण भावाने सांगितले की अनेक ओन्सेनमध्ये गोंदलेल्या माणसांना प्रवेश नसतो. तिकडे गोंदण गुन्हेगारी टोळ्यांची खूण मानले जाते. 2013 साली होक्काइदोत न्यूझीलंडच्या एका माओरी बाईला चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे असेच नाकारले गेले होते. आमच्या आईच्या दोन्ही हातांवर आणि कपाळावर गोंदण आहे. म्हणजे इथे पाणी जातीने नाकारले, तिथे गोंदणाने नाकारणार? आम्ही अस्वस्थ झालो. आई मात्र हसली. "पाणी कुठलंबी असू दे, आधी इचारूनच घ्या," म्हणाली. आता भावाने कुटुंबासाठी वेगळे घेता येणारे ओन्सेन शोधले आहे. आमच्या मते ही जात नव्हे, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. पण पाण्याच्या काठावर थबकण्याची सवय रक्तात किती खोल आहे, ते त्या दिवशी कळले.

आणि जपानमध्ये जातीसारखे काही नाही, असे समजून जाऊ नका. चामडे, कत्तलखाना, मृतदेहांची कामे करणाऱ्यांना तिथे शतकानुशतके अपवित्र मानले गेले. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, लग्नसंबंध वर्ज्य. त्यांना बुराकुमिन म्हणतात. 1871 साली कायद्याने हा दर्जा रद्द झाला, भेदभाव गेला नाही. 1975 मध्ये उघड झाले की बुराकू वस्त्यांच्या नावांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या, नोकरी देताना गाळण्यासाठी. आडनावावरून खोली नाकारणाऱ्या आपल्या शहरांची आठवण झाली ना? अधिक बोचणारी गोष्ट ही की काही बौद्ध मंदिरांनीच बुराकू माणसांना मरणोत्तर नावे देताना त्यांत हीनतेची अक्षरे घातली. बुद्धाचे नाव घेतले की समता आपोआप येत नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी धम्म स्वीकारताना 22 प्रतिज्ञा दिल्या.

पण तिथेही माणसे उठली. 3 मार्च 1922 रोजी क्योतोत बुराकुमिनांनी सुइहेइशा ही संघटना स्थापन केली. त्या शब्दात दोन अक्षरे आहेत, एक पाणी आणि दुसरे सपाट. पाण्यासारखी सारखी पातळी, म्हणजे समता. पाच वर्षांनी, 20 मार्च 1927 ला, महाडच्या चवदार तळ्यावर आपण समतेसाठी पाण्याकडेच गेलो. दोन समाज एकमेकांपासून हजारो कोस दूर, आणि मुक्तीची प्रतिमा एकच. नारा प्रांतात सुइहेइशाचे संग्रहालय आहे. वाकायामातल्या कोयासान विद्यापीठात 2015 साली बाबासाहेबांचा पुतळा बसवला गेला. बर्फाचे चार दिवस झाले की उरलेल्या दिवसांत आम्ही तिकडे जाणार आहोत. पण एक स्पष्ट सांगतो. हे दोन दिवस बर्फाचे पाप धुण्यासाठी जोडलेले नाहीत. बर्फ हे पाप नाहीच.

मग समाजाचे काय?

ज्येष्ठ मित्रांना आमचे उत्तर असे. आग्र्याच्या भाषणातली खंत शिकलेल्यांनी सुख भोगले याची नव्हती. सुख मिळाल्यावर मागे वळून बघितले नाही याची होती. वळून न बघणारा माणूस सहलीला गेला काय, घरी बसला काय, सारखाच. गोऱ्या-गोमट्या पोरांच्या फोटोंसारखे फोटो टाकून आपण 'वरचे' झालो असे मिरवण्यासाठी कुणी जात असेल, तर ती सुट्टी नव्हे, नक्कल आहे, आणि तिच्यावर टीका झालीच पाहिजे. पण गरिबीला शील समजून आपल्याच माणसाच्या विश्रांतीवर पहारा ठेवणे, हाही आंबेडकरवाद नव्हे. दौलताबादच्या किल्ल्यात सोबत दिलेला तो हत्यारी शिपाई आपण आता आपल्याच डोक्यात बाळगायचा का?

म्हणून आमच्या मागण्या आणि आमची जबाबदारी दोन्ही मांडतो. ऊसतोड कामगाराला आठवड्याची पगारी सुट्टी मिळाली पाहिजे, आणि खाड्याची पद्धत बेकायदेशीर ठरून मोडली पाहिजे. बाळंतपण, आजारपण आणि पाळीच्या दिवसांचा दंड उचलीत चढवणाऱ्यावर गुन्हा नोंद झाला पाहिजे. हंगामी वसतिगृहांतल्या लेकरांना वर्षातून एक सहल मोफत असली पाहिजे, आणि त्यातली पहिली वेरूळ-अजिंठ्याची. ती लेणी त्यांच्या पूर्वजांची आहेत, निबंधापुरती नाहीत. शासन देईल तेव्हा देईल. आमच्या अभ्यासवर्गाने जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा सहल निधी म्हणून बाजूला काढावा, अशी सूचना आम्ही पुढच्या बैठकीत मांडणार आहोत, आणि आमच्या जपानच्या खर्चातून वाचवलेली पहिली रक्कम त्यात आम्ही टाकणार आहोत. डीजेचे एक रात्रीचे भाडे कमी केले तर एक गाडी भरून लेकरे वेरूळला जातात, हा हिशेब कुणीही करून बघावा.

परवा आईने विचारले, "तिथं काम काय करायचं?" आम्ही म्हणालो, काही नाही, बसायचे आणि बघायचे. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजी खाडा. पर दंड नाही."

मित्रांनो, आपल्याला असा महाराष्ट्र हवा आहे ज्यात प्रत्येक आईला बिनदंडाचा खाडा मिळेल. तोवर ज्यांना तो मिळाला आहे त्यांनी तो ताठ मानेने घ्यावा, आणि परत आल्यावर ज्यांना मिळाला नाही त्यांच्यासाठी भांडायला फडावर यावे. मार्चमध्ये आम्ही तिथे असू. तुम्हीही या.

जय भीम! जय संविधान!